सात नंबर : खाली

उत्तमराव जाचकांचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि गव्हावर तर त्याहून नव्हता. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, चार दाणे तळहातावर घ्यायचे, हुंगायचे, एखादा दाताखाली फोडायचा. वीस वर्षं सरकारी धान्यगोदामांत त्यांनी हेच केलं. शंका घेण्याचाच त्यांना पगार होता.

शंकेची जागा ते खडूने लिहून ठेवत. थप्पीच्या वरच्या पोत्यांत खोट असेल तर 'वर'. मधल्या पोत्यांत असेल तर 'मधे'. तळाच्या पोत्यांत असेल तर 'खाली'. पुण्याला, मिरजेला हमाल तो एक शब्द वाचून कामाला लागत.

पासष्टच्या दिवाळीनंतर त्यांची बदली जयपूरला झाली. बरोबर खडूही आला.

दिवस टंचाईचे होते. गहू अमेरिकेतून यायचा, कांडल्याला उतरायचा, तिथून रेल्वेने जयपूर. पूर्वी म्हणे वर्षावर्षांचे करार होत. आता महिन्याच्या बोलीवर जहाजं सुटत होती. दिल्ली व्हिएतनामच्या लढाईबद्दल काही बोलली की जहाज लांबतं, असं गोदामात सगळे म्हणत. उत्तमराव पेपरची घडी करत आणि म्हणत, "देणारा पोतं देतो, पण पोत्याचं तोंड आपल्याच मुठीत ठेवतो."

त्यामुळे दिल्लीला दाणा न् दाणा ठाऊक हवा असे. दर शुक्रवारी कारकून भँवरलाल कोठारांचा फेरा मारी आणि शिल्लक पोत्यांची तार करी.

एप्रिलात सात नंबरच्या कोठारात तळाच्या पोत्यांना कीड लागली. उत्तमरावांनी आत औषधाचा धूर सोडला, दार बंद केलं, दारावर खडूने लिहिलं, 'खाली', आणि तपासणीला अजमेरला गेले. दहा दिवसांनी परतले. दार उघडलं, धूर जाऊ दिला, नेहमीसारखा खडू पुसून टाकला.

घरी मालनबाई पिशवी हातात घेऊन बसल्या होत्या.

"अहो, रेशन निम्मं केलं. रांगेत बायका म्हणतात, गोदामवाल्यांनी गहू खाल्ला. माझ्याकडे बघून म्हणतात!"

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे साहेब आले. आधीच्या तारेत सात नंबरला नऊशे पोती, पुढच्या तारेत शून्य. गहू बाहेर गेल्याची नोंद नाही. म्हणून चौकशी होईपर्यंत शहराचा कोटा अर्धा. साहेबांनी सात नंबर उघडायला लावला. आत नऊशे पोती उभी.

"कागदावर शून्य, आत नऊशे," साहेब म्हणाले. "कोणाला विकायची होती?"

"हुजूर, दरवाज़े पर लिखा था, माल नहीं है," भँवरलाल म्हणाला.

उत्तमराव उसळले. असं आपण लिहिलंच नाही. आणि महिन्याभरापूर्वी या भँवरलालकडे नवी सायकल आली होती. ती कुठून आली? त्यांनी लेखी जबाब दिला : कारकून खोटं बोलतो. सायकलीचाही उल्लेख केला. भँवरलाल निलंबित झाला.

आठ दिवसांनी, सकाळी, उत्तमराव चपला घालत होते. शेजारच्या सोहनीबाई उरलेलं पीठ ठेवायला मदत करत होत्या.

"सोहनीबाई, डब्बा खाली रखो," मालनबाईंनी आपल्या हिंदीत सांगितलं.

सोहनीबाईंनी डबा घेतला आणि सगळं पीठ परातीत ओतलं.

"अगं बाई! खाली म्हटलं मी, खाली!"

"हाँ जी, खाली ही तो किया!"

मुलगी अलका हसून लोळायची बाकी होती. "आई, हिंदीत खाली म्हणजे रिकामा!"

उत्तमराव एक चप्पल पायात, एक हातात, तसेच उभे राहिले.

"काय झालं हो?"

"मालन," ते म्हणाले, "तो माणूस खरं बोलला."

जबाब मागे घ्यायचा म्हणजे वीस वर्षांची नोकरी हातात घेऊन जायचं. चौकशीसाठी साहेब अजून गोदामाच्या कचेरीतच होते, आणि बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. ते गेले. सगळं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसले. "इतकं सोपं कारण? आणि आठ दिवसांनी आठवलं? जाचक, तुम्ही दोघं मिळालेले दिसता."

हा संशय त्यांना ओळखीचा वाटला. साहेबांच्या जागी आपणही हेच म्हटलं असतं. त्यांनी खिशातून खडू काढला, साहेबांच्या दारावर 'खाली' लिहिलं आणि अंगणातल्या हमालाला हाक मारली.

"हे काय लिहिलंय?"

हमालाने अक्षर लावलं. मग दारातून आत, खुर्चीतल्या साहेबांकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाला, "लिखा तो है कि अंदर कोई नहीं है... पर साब तो बैठे हैं."

साहेबांनी भँवरलालच्या निलंबनाचा कागद पुढे ओढला.

भँवरलाल सोमवारी कामावर आला. सायकल सासऱ्यांनी दिली होती. उत्तमरावांची बढती थांबली. कोटा मात्र लगेच पूर्ववत झाला नाही. पुढचं जहाज अजून सुटायचं होतं. जूनमध्ये रुपयाची किंमत उतरली, तेव्हाही रांगेतल्या बायका गोदामवाल्यांनाच शिव्या देत होत्या.

उत्तमराव आता 'नीचे' लिहितात. भँवरलाल शुक्रवारी ते नीट वाचतो, मान डोलावतो, म्हणतो, "समझ गया, जाचकजी." आणि कुलूप काढून स्वतः आत डोकावल्याशिवाय तार लिहीत नाही.