आईला थायरॉईडच हवा होता

आमच्या घरात माझ्यावर दोघांची नजर असायची, देवाची आणि आईची. देवासमोर निदान झोपताना पडदा ओढला जायचा.

सुरतेला उधन्यात आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील कापडाच्या लूमवर कामाला, आई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची आणि मी कापड मार्केटातल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करायचे. त्या वर्षी माझं अंग भरू लागलं. कुर्ते दंडात अडकायचे, विंचरताना केसांचे पुंजके हातात यायचे, भर दुपारी काउंटरवर डोळे मिटायचे. आई गल्लीत सांगायची, "थायरॉईड असेल. माझ्या बहिणीला पण आहे." घरात मात्र कणीक मळता मळता हळूच अहिराणीत विचारायची, "कोण से तो?" कोण आहे तो?

माझी पाळी बंद झाली होती. पाळी आली की दाराजवळच्या चटईवर वेगळं बसायचं, देव्हाऱ्याला आणि माठाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. मी बरेच दिवस चटईवर बसले नव्हते, आणि आईला ते माझ्याआधी कळलं होतं. शेवटी वैतागून एका सकाळी मी उगाचच जाऊन बसले. आईचा चेहरा असा सैल पडला की मला तिची कीव आली, आणि संतापही. मग मी दर महिन्याला बसू लागले. पाणी भरण्यातून सुटका ही वरकमाई.

हनुवटीवर राठ केस यायला लागले होते. ते मी न्हाणीत आईच्याच कात्रीने कापायचे. कात्री जागची हलली की तिला लगेच कळायचं. मग आपण बाहेर गेलो असताना घरात कोण कोण येऊन गेलं, हे ती शेजारच्या काकूंना विचारायची.

शेवटी ती मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी बाई हसत म्हणाल्या, "थायरॉईड बिलकुल नॉर्मल है." आईचा चेहरा पडला. पोरगी निरोगी निघाल्याचं एवढं दुःख मी कुणाला झालेलं पाहिलं नव्हतं.

"पीरियड टाइम पे आता है?" बाईंनी मला विचारलं.

"हर महिने," आईच बोलली. "बाजू में बैठती है, मैं खुद देखती हूँ."

बाई माझ्या हनुवटीकडे बघत होत्या. मी गप्प राहिले असते तर टॉनिक घेऊन घरी गेलो असतो. मी सांगून टाकलं, पाळी कित्येक महिने आलेली नाही, चटईवर मी खोटंच बसते.

आईने माझा दंड असा धरला की बोटं उमटली.

बाईंनी आधी लघवी तपासली. "बच्चा-वच्चा कुछ नहीं है," त्या आईला म्हणाल्या. मग सोनोग्राफी झाली. थायरॉईडनेही वजन वाढतं, केस गळतात, पाळी चुकते, पण हनुवटीवर असे केस सहसा येत नाहीत, हे त्यांनी समजावून सांगितलं. हा पीसीओडी होता, अंडाशयांचा विकार. हार्मोन बिघडलेले होते, माझी चाल नाही.

रिक्षात आई एवढंच म्हणाली, "म्हणजे आत्ता पोटात काही नाही." गल्लीत तिने थायरॉईडच निघाल्याचं सांगितलं. पीसीओडी म्हटलं की लोक पोरगी लग्नाला चालेल का, हे विचारतात.

गोळ्या सुरू झाल्या आणि एके दिवशी खरीच पाळी आली. मी पोट धरून चटईवर बसले. इतकं दुखत असूनही मला कोण आनंद झाला होता. आता तरी हे सगळं संपेल असं वाटलं. आईने धागे कापायला घेतलेली साडी बाजूला सारली, कात्री खाली ठेवली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"दखाड माले," ती म्हणाली. "मला दाखव."

मी उठले आणि दाखवलं.