आत हसू नये

कुत्रं दवाखान्यात आणलं की डॉक्टरबाई आधी त्याच्याकडे बघायच्याच नाहीत. हात पुढे करून म्हणायच्या, "आधी साखळी दाखवा." साखळी आखूड निघाली की मालकाची धडगत नसे.

नव्वद-एक्क्याण्णवचा काळ. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला जनावरांचा सरकारी दवाखाना होता. तिथे म्हशी यायच्या, बैल यायचे. कुत्र्याच्या डोक्यातही काही बिघडतं आणि ते दुरुस्त करता येतं, हे मानायला कुणी तयार नव्हतं. म्हैसवाले आपसात म्हणत, बाई हुशार हायत, पण कुत्र्यांपायी खुळ्या झाल्यात. बाईंच्या कानावर ते जाई. त्या लुना चालू करून पुढच्या घरी जात.

आमच्याकडे त्या आल्या टायगरसाठी. बाबा पलटणीतून निवृत्त झालेले. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली, जीभ जड झाली. दिवसभर अंगणात बाजेवर पडून असत, कुणाशी बोलत नसत. शेजारी खांबाला टायगर हातभर साखळीने बांधलेला. एक दिवस तो स्वतःच्याच शेपटीमागे गरागरा फिरायला लागला आणि बाबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काय, आम्ही टायगरला फिरवायलाच लागलो. फिरला की बिस्किट. पाहुणे आले की खेळ. असा कुत्रा तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल, आणि हसलाही असाल.

पुढे तो थांबेना. कुकरची शिट्टी झाली की फिर, मोटरसायकल गेली की फिर. जेवण टाकून फिरायचा. शेपटीचं टोक चावून चावून लालभडक केलं, त्यावर माशा बसू लागल्या. गल्लीतले म्हणाले, पिसाळलंय, औषध घालून संपवा.

बाईंनी बाबांना जय भीम केला, साखळी सोडवून माळ्यावर टाकायला लावली. शेपटीला मलमपट्टी केली, गोळ्या दिल्या. मग आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

"आता ह्यो फिरला तर बघायचं न्हाई, रागवायचं न्हाई. आन हसायचं तर बिलकूल न्हाई."

बाबांनी तोंड फिरवलं. मग अडखळत म्हणाले, "मग म्या... दिसभर काय करू?"

 बाई पिशवी खाली ठेवून पायरीवर बसल्या. आईने हळूच सांगितलं की यांचं तेवढंच हसणं उरलंय, काही जमतंय का बघा.

"बघू न्हाई, करू," बाई म्हणाल्या.

त्यांनी भाकरीचे तुकडे बाबांच्या उजव्या मुठीत दिले. टायगर शांत बसला की एक टाकायचा, आणि कधी टाकायचा ते फक्त बाबांनी ठरवायचं. त्या हातातही फारसा जोर नव्हता. तुकडा बाजेपाशीच पडे, मग टायगरला बाबांजवळ येऊनच बसावं लागे.

बाई रोज संध्याकाळी येत. दारावर त्यांनीच खडूने लिहिलं, 'आत हसू नये'. ते वाचून माणसं दारात हसून घेत आणि तोंड पुसून आत येत. बाबांना फार जड गेलं. टायगरने गिरकी घेतली की ते टॉवेल तोंडावर ओढत, आणि टॉवेल हलत राही.

एकदा मुंबईचा पाहुणा खो खो हसला, त्याने बिस्किटही फेकलं. सगळी मेहनत पाण्यात गेली. आम्हाला वाटलं, बाई आता वैतागून नाद सोडणार. त्यांनी नुसती पिशवीतून नवी पट्टी काढली. "पुन्ना पहिल्यापास्नं," म्हणाल्या.

उन्हाळा सरता सरता गिरक्या थांबल्या, शेपटीवर केस आले. तेवढ्यात बाईंची जतला बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा टायगर बाजेला टेकून बसला होता. आत कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. टायगरने कान टवकारले, बाबांकडे पाहिलं आणि बसूनच राहिला. बाबांनी तुकडा टाकला.

"बाई... आता हसू?"

"हसा की बाबा."

बाबा हसले. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे ते अर्धंच हसू होतं. आणि मग बाई हसल्या, लुनाचं हँडल धरून, अगदी पोटभर. इतके दिवस आमच्यावर घातलेली हसण्याची बंदी त्यांनी स्वतःही पाळली होती, हे मला तेव्हा कळलं.

जतहून त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं हसणं आम्ही तेवढं एकदाच ऐकलं.