हरण्याच्या दावणीला लावलेली गाडी

असले चमत्काराचे अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचत आलो. दुधाच्या गाडीला उशीर झाला की मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि थाप नेमकी कुठं मारली आहे ते शोधायचं, हा आमचा विरंगुळा. मी बीएस्सी झालेला माणूस, गावच्या सहकारी दूध सोसायटीत टेस्टर. आलेल्या दुधात पाणी किती आहे ते सांगणं हेच माझं काम. तेव्हा माझ्याच गाडीच्या पेट्रोलमध्ये पाणी निघालं, त्यावर गावानं किती करमणूक करून घेतली असेल ते बघा.

गाव आष्टी तालुक्यात, कडा या बाजारगावापासून जवळ. साल दुष्काळाचं. प्यायला टँकर, विहिरीत नुसते दगड. आमच्याकडं एकच बैल उरला होता, हरण्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला वासरू असल्यापासून वाढवलेलं. वैरण संपली तेव्हा त्याला माळावरच्या चारा छावणीत न्यावं लागलं. त्याच्यासोबत आई तिकडंच राहायला गेली. अण्णा मात्र एकदाही तिकडं फिरकले नाहीत.

"मला बघितलं की दावं तोडून माझ्या मागं यील त्यो. हितं काय खाऊ घालू त्याला?" एवढंच म्हणायचे.

गोठा रिकामा झाला म्हणून मी मोटारसायकल तिथं लावायला लागलो... हरण्याच्या दावणीला, सावलीत. आणि गाडीचं दुखणं सुरू झालं.

दुखणं असं की गाडी स्लोवर थांबेना. पळायला झकास, पण रेस सोडली की दोनचार आचके देऊन बंद. रोज आईचा डबा घेऊन छावणीवर जायचो, तर वाटेत कुणी हाक मारली तरी मूठ पिळत पिळतच बोलायचं. कड्याचे रफिकभाई आमचे जुने मिस्त्री. त्यांनी प्लग बदलला, जेट साफ केलं, एअर फिल्टर झटकला, स्लोचा स्क्रू आतबाहेर करून बघितला. शेवटी कार्बोरेटरची खालची वाटी उघडली आणि माझ्या नाकासमोर धरली. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे गोळे लोळत होते.

"टेस्टर तुमी हाव. सांगा बरं हे काय हाय?"

"पाणी."

"मंग? गावाला टँकर मिळंना आन् तुमी गाडीला पाजायलेत?"

टाकी धुतली. झाकणाचं रबर नवं टाकलं. दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून बघितलं. पुन्हा तेच. मी म्हटलं, टाकी अर्धी रिकामी असते, हवेतला ओलावा आत जमत असेल. रफिकभाई म्हणाले, त्यानं थेंब जमतो, वाटी भरत नाही. आणि त्या साली हवेत ओलावा होता कुठं? गंमत अशी की अंगणात उभी केली तर गाडी ठणठणीत. गोठ्यात लावली की सकाळी पाणी. टाकीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. सोसायटीत रोज कुणीतरी विचारायचंच, "काय टेस्टर, दुधात घालायचं उरलं व्हय?" मी हसण्यावारी न्यायचो, पण आतून चिडायचो.

खरं तर तेव्हा माझं लक्ष गाडीत नव्हतंच. छावणीत हरण्यानं पाणी सोडलं होतं.

वैरण थोडी चघळायचा, पण पाण्याच्या टबापर्यंत तोंड न्यायचा आणि मान फिरवायचा. आईनं गूळ घालून बघितलं, टब बदलून बघितला. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की असंच चाललं तर बैल हाती लागणार नाही. बरगड्या तर लांबूनच दिसायला लागल्या होत्या.

"त्यान्ला सांगू नगंस," आई म्हणाली. "आदीच अर्धी भाकर टाकून उठतेत म्हनलास. हे कळल्यावर हातरून धरतील."

मला भीती बैलाची होती, त्याहून जास्त अण्णांची होती. घरी आल्यावर ते विचारायचे, "बरा हाय का?" मी म्हणायचो, बरा आहे. आणि पुढं काही विचारायच्या आत गाडी पुसायला जायचो.

शेवटी रफिकभाई इरेला पेटले. म्हणाले, मी स्वतः बघतो पाणी कुठून येतं ते. दुकान लवकर बंद करून घरी आले. कार्बोरेटर उघडून कोरडा केला, टाकीत सोबत आणलेलं पेट्रोल गाळून ओतलं, कुलूप लावलं. गाडी दावणीजवळ उभी करून चालू केली. स्लो इतका छान लागला की रफिकभाईंनी सीटवर थाप मारली. ऊन अजून गोठ्याच्या दारात होतं. आम्ही दोघं समोर बसून ऐकत होतो.

तेवढ्यात अण्णा आले. रोज याच वेळी यायचे. रिकाम्या दावणीशी टेकून बसायचे आणि शीळ घालायचे... जनावर पाणी पिताना घालतात तशी, लांब, हळू, मधे थांबत. त्यांना ते स्वतःलाही कळत नसावं. मी रोज ऐकत होतो, पण कधी लक्ष दिलं नव्हतं.

त्यांनी शीळ घातली आणि गाडी अडखळली. ते थांबले तशी सावरली. पुन्हा शीळ... आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

रफिकभाईंनी खालचा स्क्रू ढिला केला. पेट्रोल यायच्या आधी पाण्याची धार आली. बारीक, पण धार. त्यांच्या हातातला पाना खाली पडला.

"अण्णा," ते म्हणाले, "शीळ कावून घालायलेत तुमी?"

अण्णा ओशाळले. "सवय हाय बाबा. पानी पाजायची येळ झाली की आपसूक येती. त्याला शीळ लागती ना. माझी शीळ नसली तर तोंड न्हाई लावत त्यो."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "अण्णा, हरण्या तिकडं पाणी पीत नाही. बरेच दिवस झाले."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त टोपी घालत म्हणाले, "गाडी काढ."

वाटी पुन्हा कोरडी करून निघालो. मागं अण्णा, त्यांच्या मागं आपल्या गाडीवर रफिकभाई. मी मूठ सोडलीच नाही. छावणीच्या तोंडाशी गर्दीमुळं सोडावी लागली तेव्हा गाडी बंद पडली, तिथंच सोडून दिली.

हरण्या बसलेला होता. अण्णांनी हाक मारली नाही, जवळही गेले नाहीत. आईनं बादली पुढं सरकवली आणि त्यांनी शीळ घातली. आधी कान वळले. मग तो पुढच्या गुडघ्यांवर जोर देत, लटपटत उठला, बादलीत तोंड घातलं आणि प्यायला लागला. ओढून ओढून. अण्णा शीळ घालत होते आणि मधेच त्यांचे ओठ थरथरून शीळ तुटायची, की बैलही थांबायचा. आई पदरात तोंड घालून रडत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच मातीत बसलो.

परत फिरलो तर रफिकभाई माझ्या गाडीजवळ उभे. गाडी चालू होती, मुठीला हात नव्हता. स्लो एकसारखा. "मी काय बी केलं न्हाई," ते म्हणाले, "नुसती किक मारली." वाटी उघडली, पेट्रोल स्वच्छ.

त्यानंतर त्या गाडीत पाण्याचा थेंब निघालेला नाही. मुद्दाम गोठ्यात लावून बघितली, अण्णांना बाजूला बसवून शीळसुद्धा घालायला लावली. काही नाही. छावणी उठेपर्यंत अण्णा तिकडंच राहिले आणि शेजारच्या दावणीची माणसंही त्यांना आपल्या जनावरांसाठी बोलवायला लागली, ते मात्र त्यांना फार आवडायचं.

बैलाचं मी समजू शकतो. सवय होती, शीळ मिळाली, प्यायला. पण कुलूप लावलेल्या टाकीतून पाणी कसं आलं, याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. रफिकभाई ठामपणे सांगतात की ते हरण्याच्या वाट्याचं पाणी होतं. ‘असं कसं असेल’ असा वाद मी घालत नाही. त्या दिवशी छावणीत आईनं भाकरी वाढली आणि अण्णांनी ताटात काही टाकलं नाही, पुन्हा मागून घेतलं. मला तेवढं पुरतं.