उंदराचं औषध

बेलापूरच्या राहीबाईनं औषधाच्या दुकानात जाऊन सरळ सांगितलं, "उंदराला देत्यात ते औषध द्या. आमच्या मालकास्नी द्यायचंय." आता बोला. दुकानदार छगनशेठचा हात बरणीवरच राहिला. त्यानं तिला आधी बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "घरात काय बिनसलंय का?"

बिनसलं काही नव्हतं. तिचा नवरा सहादू विहिरींना सुरुंग लावायचा. दोन वर्षांमागं, सत्तर साली, एक सुरुंग त्याच्या जवळच उडाला. अंगावर ओरखडा नाही, पण गडी आतून पार खचला. ताट पडलं तरी लटलट कापायचा. पुढं वाट विसरला, शेजारी विसरले. तिचं नाव त्यानं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, नुसतं 'अगं' म्हणायचा. आता तेही बंद झालं. आपल्याला तरी हा ओळखतोय का, या एका धास्तीनं राहीबाईचा जीव तुटायचा.

अशात शाळेच्या मास्तरांनी पेपरातलं वाचून दाखवलं, की परदेशात एक औषध शोधताहेत, उंदरांना देऊन बघतात, आठवण टिकते, भीतीही जाईल म्हणतात. झालं, बाईनं ते डोक्यात घेतलं.

छगनशेठनं नगरच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. नवऱ्याला घेऊन ती एस.टी.नं गेली. डॉक्टर भला माणूस, खोटी आशा लावली नाही. "प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. प्रयोगशाळेत मणी ओवावेत तसे जोडून ते बनवतात. शिकलेलं उंदरांच्या जास्त दिवस ध्यानात राहतं, एवढंच दिसलंय. भीतीचं अजून बघताहेत. माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही."

"उंदरांचं कौतुक पुरं झालं की कळवा," राहीबाई म्हणाली. "मी थांबते."

मग डॉक्टरांनी सहादूला विचारलं, "बायकोचं नाव काय?"

सहादूनं राहीबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टर 'आठवत नाही' असं लिहायला लागले, तशी ती फणकारली, "इसरल्यात न्हाई, लाजत्यात. आमच्यात चारचौघांत नाव घेत न्हाईत." दोन वर्षांत तिला इतका आनंद झाला नव्हता. लाजतोय, म्हणजे ओळखतोय.

डॉक्टरांनी हसून तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती पडद्याआड उभी राहिली.

"आता सांगा."

"राही," सहादू पटकन म्हणाला. तिचे डोळे भरून आले.

"मग मघाशी का गप्प बसलात?"

"त्या बाई हुत्या ना समोर. लई मायेच्या हायेत, रोज भाकरी देत्यात. पर परक्या बाईमाणसापुढं बायकोचं नाव कसं घ्यायचं?"

राहीबाईनं पदरानं डोळे पुसले. मग आत आली आणि त्याची टोपी नीट केली.

"बाई," सहादू अदबीनं म्हणाला, "मला घरी सोडता का? राही वाट बघत असंल."

"बघतीया," ती म्हणाली. "लई दिस झालं, बघतीया. चला."