प्रल्हादचा चेहरा

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला घरी होतो, दुपारचं जेवण आटोपून नुकताच पडलो होतो. सिल्वासाच्या डोकमर्डी भागातल्या टेलिफोन बूथवरून त्याची बायको, सुनंदावहिनी बोलत होत्या. आवाज शांत होता. "भाऊ, ते गेले," त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "कधी गेले तेच मला समजलं नाही. मी बाजारातून आले, चहा करून समोर ठेवला, भाजीवालीशी काय काय झालं ते सांगत बसले... दहा-पंधरा मिनिटं बोलत होते मी त्यांच्याशी. चहावर साय धरली तरी कप उचलेनात, तेव्हा हात लावून पाहिला. चेहरा तर रोजच्यासारखाच होता ना, भाऊ."

या गोष्टीला पाच आठवडे झाले. त्यांचं शेवटचं वाक्य काही डोक्यातून जात नाही. ज्या माणसाच्या चेहऱ्यावर मनातलं कधी लपत नसे, त्याचा मृत्यूसुद्धा त्या चेहऱ्यावरून कळू नये... हे कसं झालं ते लिहायला बसलो आहे. त्यात माझाही वाटा आहे. तो वगळून लिहायचं असतं तर हा लेख मागेच लिहून झाला असता.

प्रल्हाद अमळनेरकडचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिल्वासाच्या आसपास कारखाने भराभर उभे राहत होते आणि खानदेशातली पोरं सुरतेला गाडी बदलून वापीला उतरत होती, त्यांच्यातला एक. खडोलीला आमचा कारखाना होता. बॅटरीच्या सेलमध्ये भरायची काळी भुकटी आम्ही तयार करायचो. मँगेनीजचे दगड यायचे, ते चक्कीत दळायचे, चाळायचे, पोत्यांत भरायचे. मी तिथे शिफ्टचा प्रमुख होतो आणि प्रल्हाद चक्कीवर. पहिल्याच महिन्यात तो माझ्यासमोर सुट्टी मागायला उभा राहिला. "साहेब, काका वारले," म्हणाला, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. त्याने खाली पाहिलं, खोकला काढला, गालफडं आवळून धरली, पण आतून येणारं हसू काही थांबेना. शेवटी मीच विचारलं, "कोण येतंय रे?" तो कानापर्यंत लाल झाला. लग्नानंतर बायको पहिल्यांदाच येत होती आणि त्याला तिला घ्यायला वापी स्टेशनावर जायचं होतं.

त्याला खोटं बोलताच येत नसे. जेवणाच्या सुट्टीत पोरं पत्ते खेळायची, त्यात प्रल्हादला भिडू म्हणून कोणी घेत नसे, कारण हातात हुकमाचा एक्का आला की त्याच्या भुवया वर जायच्या. कुणाला लागलं तर याचंच तोंड वेडंवाकडं व्हायचं. खात्यात भांडण झालं की मी दोघांचं ऐकून घ्यायचो आणि मग प्रल्हादकडे बघायचो. कोण खरं बोलतंय ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. त्याला हे ठाऊक होतं. "मन्हं तोंड चुगलीखोर शे, साहेब," असं तो आपल्या अहिराणीत म्हणायचा.

चक्कीच्या खात्यात सगळंच काळं असायचं. भिंती, पत्रे, चहाचे कप, माणसांच्या पापण्या. नाकातोंडाला गमछा बांधायचा, एवढाच काय तो बंदोबस्त. धूळ ओढून घेणारा पंखा बसवायचा म्हणून कागदोपत्री मंजूर होता, पण तो कधी आला नाही. मी दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. मी काचेच्या केबिनमध्ये बसायचो.

चार वर्षं झाली असतील. प्रल्हाद बदलायला लागला. उगाच हसायचा. कुणी घरून आलेलं पत्र वाचून दाखवत असलं की हा मध्येच खिदळायचा, आणि कधी साधा डबा उघडताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. दारू प्यायला लागला असेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. एकदा मी रागावलो तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहून हसतच होता आणि हसता हसता म्हणाला, "मी हासत नही, साहेब. तोंडच हासस." मला तो उद्धटपणा वाटला.

मग तो अपघात झाला. गलोंडा गावचा, वारली समाजातला रामजी चक्कीच्या पट्ट्याजवळ वाकला होता, त्याचा हात आत गेला. मी केबिनमधून धावत आलो तोवर यंत्र बंद झालं होतं, आणि रामजीला मांडीवर घेऊन प्रल्हाद जमिनीवर बसला होता. मोठमोठ्याने हसत. सगळं खातं सुन्न झालं होतं, रक्त काळ्या भुकटीत मिसळून नुसता चिखल झाला होता, आणि त्या शांततेत त्याचं ते हसणं... कुणीतरी त्याच्या थोबाडीत मारली, तरी तो हसत राहिला. दुसऱ्या दिवशी चक्कीवरची माणसं कामावर यायला तयार नव्हती. "तो असेल तर आम्ही नाही." मॅनेजरने माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. मी लिहिला. सहकाऱ्याच्या वेदनेवर हसणारा, संवेदनाशून्य आणि बेशिस्त कामगार, असे माझे शब्द होते. अक्षरसुद्धा आठवतंय. त्या एका कागदावर प्रल्हादची नोकरी गेली.

दोनेक महिन्यांनी रामजी आला, उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता. गेटवरच त्याने विचारलं, "प्रल्हाद कुठं हाय?" मी सांगितलं, काढला त्याला, तुझ्यावर हसत होता म्हणून. रामजी माझ्याकडे बघत राहिला. "हसत व्हता, बराबर हाय. पण साहेब, बटण त्यानंच बंद केलं ना. आनि माझं मनगट असं दाबून धरलं त्यानं, दवाखान्यात डॉक्टरनं सोडवलं तवा सोडलं. बाकी कोन जवळ बी नाय आलं." हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं. चेहरा दिसला, तेवढं पुरे झालं होतं.

तरी मी लगेच त्याच्याकडे गेलो नाही. पुढे वर्षभराने सिल्वासाच्या बाजारात तो अचानक समोर आला. टाचा न टेकता, चवड्यांवर, कोंबड्यासारखा चालत होता. वहिनींनी मागून कमरेला धरलं होतं, कारण तो मागच्या मागे पडायचा. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ओळख नाही, राग नाही. पापणीसुद्धा लवली नाही. मला वाटलं, मला बघून मुद्दामच दगड झाला. वहिनी म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, साहेब, ते सगळ्यांशी असेच झालेत." मग तिथेच, कांदेबटाट्यांच्या गाड्यांमध्ये उभं राहून, त्यांनी गावाकडचं सांगितलं. त्याची आई वारली होती. भाऊ गळ्यात पडून रडले, आत्या ऊर बडवत होती, आणि हा तसाच खांबासारखा उभा. लोक त्याच्या तोंडाकडेच बघत होते. खांदा द्यायला पुढे झाला तर चार पावलांवर मागे कोसळला, तिरडी कलंडता कलंडता राहिली. मोठ्या भावाने सगळ्यांसमोर सांगितलं, आईसाठी ज्याच्या डोळ्यात टिपूस नाही त्याने या घराची पायरी चढू नये. "आणि घरी परत आल्यावर," वहिनी म्हणाल्या, "तीन दिवस त्यांच्या तोंडात घास गेला नाही. पण ते कोणाला दिसणार?"

हे ऐकल्यावर मीच त्याला मुंबईला मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, त्यांनी आधी त्याचे हात पाहिले आणि मग विचारलं, काम कसलं करायचे? काळ्या भुकटीचं नाव ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ती धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की मेंदूत जाऊन बसते, म्हणाल्या. आधी हसू-रडू ताब्यात राहत नाही, माणूस वेडा झाल्यासारखा वाटतो, आणि नंतर चेहरा थिजतो. आतलं सगळं शाबूत असतं. मग त्या प्रल्हादला म्हणाल्या, "हसा बघू." प्रल्हाद थोडा थांबला, आणि हळूहळू, एकेक दोरी ओढावी तसे त्याचे ओठ वर गेले. ते हसूच होतं. मी चकित झालो. बाई म्हणाल्या, "चेहऱ्याकडे जायचे दोन रस्ते असतात. एक हुकमाचा, दुसरा आपसूक येणाऱ्या हसण्या-रडण्याचा. यांचा दुसरा बंद झालाय. हसा म्हटलं तर हसतील, पण हसू आलं तर हसता येणार नाही." औषध आहे का, असं मी विचारलं. गोळ्या लिहून देते, म्हणाल्या, पण फार आशा धरू नका.

बाहेर बाकावर बसल्यावर प्रल्हाद त्याच्या त्या बारीक, एकसुरी आवाजात म्हणाला, "म्हणजे आता मी पण साहेब लोकांसारखा, भाऊ. हुकमावर हसणारा." 'भाऊ' तो पहिल्यांदाच म्हणाला. हा विनोद होता की टोमणा, हे त्याच्या चेहऱ्याकडे बघून कळायचा प्रश्नच नव्हता. मी आयुष्यभर माणसं तोंडावरून ओळखत आलो. आमच्या खात्याने तेच केलं, त्याच्या गावाने तेच केलं. दुःख झालं तर ते दिसलंच पाहिजे आणि दिसत नसेल तर ते नाहीच, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं.

खडोलीला परत आल्यावर मी मॅनेजरकडे गेलो. त्याने इस्पितळाचा कागद वाचला, घडी घातली आणि शांतपणे म्हणाला, "यात आपल्या कारखान्याचं नाव कुठे आहे?" चक्कीवर तेव्हा अकरा माणसं होती. मी त्यांना गमछा ओला करून बांधा, एवढं सांगितलं. त्यापलीकडे मी काही केलं नाही. मला दोन मुलं होती, नोकरी होती... ही कारणं खरी आहेत, आणि ती पुरेशी नाहीत हेही मला माहीत आहे.

एकदा हिंमत करून मी डोकमर्डीला त्याच्या खोलीवर गेलो. वहिनी कामाला गेल्या होत्या. तो भिंतीशी बसला होता. मी त्याला त्या अहवालाचं सांगितलं, शब्दन् शब्द. हात जोडून म्हटलं, "प्रल्हाद, माझं चुकलं." तो माझ्याकडे बघत होता. मी वाट पाहिली. माणूस माफी मागतो तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत काय शोधतो, ते मला त्या दिवशी समजलं, कारण तिथे काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "चहा घ्या, भाऊ." एवढंच. पुढे माझी नाशिकला बदली झाली. वर्षातून दोनदा मी त्याच्याकडे जात राहिलो. ती गोष्ट त्याने परत काढली नाही, आणि मीही नाही.

दहाव्यानंतर मी डोकमर्डीला जाऊन आलो. भावांपैकी कोणी आलं नव्हतं. रामजी आला होता, दाराबाहेर बसून होता. आत वहिनी एकट्याच होत्या. इकडचं तिकडचं बोलताना माझं लक्ष भिंतीवरच्या आरशाकडे गेलं. चौकोनी, साधा आरसा, पण जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर ठोकलेला. उभ्या माणसाला त्यात स्वतःचे गुडघे दिसावेत. मी म्हटलं, "वहिनी, हा वर लावून देऊ का?"

"नको," त्या म्हणाल्या. "तो त्यांचाच आहे. इथे पाटावर बसायचे ते. बसून पाहिलं ना, का आपल्या पाठीमागचं दार दिसतं त्यात. हसू यायला वेळ लागायचा त्यांना, माहीत आहे ना तुम्हाला. मी कामावरून आलेली आरशात दिसली का सुरुवात करायचे. मी चपला काढून आत येईस्तोवर हसू तयार असायचं. रोज, भाऊ. बाहेर काय बी होवो, घरात हसरं तोंड दिसायला पाहिजे, म्हणायचे. शेजारीपाजारी आले तरी करायचे, थकून जायचे. ते गेले त्या दिवशी हसू नव्हतं, मला वाटलं थकलेत."

मी पुन्हा आरशाकडे पाहिलं. मग म्हणालो, "इथे माझ्यासमोर तो कधीच हसला नाही, वहिनी. इतक्या वेळा आलो मी."

"हो," त्या म्हणाल्या. "मी एकदा बोलले होते, भाऊ एवढ्या लांबून येतात, त्यांच्याकडे बघून जरा हसत जा. तर म्हणाले, भाऊसमोर नाही."

"का?"

"ते नाही सांगितलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी पण तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघितलं ना, भाऊ. पण त्यावरून काय समजणार?"

त्या चहा ठेवायला उठल्या. मी त्या पाटावर बसलो. आरशात दार दिसत होतं, दारापलीकडे रामजीची पाठ आणि उन्हातला बोळ. तिथे बसून मी खूप वेळ आठवत राहिलो की मी दारातून आत यायचो तेव्हा तो वळून बघायचा, की आरशातूनच बघत राहायचा.