शे ना

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मला फार हेवा वाटतो. आता त्यांच्याकडे हेवा करण्यासारखं आहे तरी काय? दोन खोल्या, एक पाटा आणि दांडीवर चार पातळं. चुली वेगळ्या झाल्या तेव्हापासून समोरच राहतात. दुपारी जेवून गोधडीवर आडव्या झाल्या की त्यांचं घोरणं माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येतं. त्या घोरण्यावर मी जळते. मला एसीतही झोप नाही.

शहाद्याहून काही नवं आणलं की मी त्यांना मुद्दाम बोलावते. मिक्सर आला, फ्रिज आला, सोफा आला. त्या हात फिरवून बघतात, "चांगलं शे वं माय," म्हणतात. मी म्हणते, "तुम्ही बी लई ल्या ना, बाई," तुम्हीही घेऊन टाका ना. त्यावर उत्तर एकच. "शे ना." म्हणजे 'आहे ना'. आहे त्यात भागतं, असा तोरा. फ्रिजमध्ये ठेवायला त्यांच्याकडे उरतं काय म्हणा! पण एकदा तरी त्यांचं तोंड उतरलेलं बघायचं, ही माझी हौस काही फिटेना.

यंदा श्रावणात कानबाई देवी बसायच्या तोंडावर घरोघर धुणं निघालं आणि मी वॉशिंग मशीन आणलं. जाऊबाई आल्या, बघितलं, आणि पुन्हा तेच. "शे ना."

माझं डोकं फिरलं. "काय शे तुमनाकडे? दाखाडा तरी!"

त्या गोंधळल्या. "मन्हाकडे कोठे वं? तुन्हाकडे शे ना. आपली कानबाई एकच बसस. मंग मशीन दोन कसाले?"

त्या घरी गेल्या आणि धुवायची गोधडी उचलून घेऊन आल्या. मी मशीन लावून दिलं. होईपर्यंत त्या सोफ्यावर टेकल्या आणि पाचच मिनिटांत घोरायला लागल्या.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांना जळवायला बघत होते, त्या माझ्या वस्तू आपल्याच घरच्या समजून खूश होत्या. मी मशीनपाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. पोटात तशीच आग. त्या सोफ्यावर मला एकदाही झोप लागलेली नाही.