बापूंचा डावा खांदा

छावणीत माझं डिझाईनचं दुकान आहे, तुम्हाला माहीतच आहे. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, दिवसभर फ्लेक्सच करतो. बारा वर्षं झाली. आता कुठल्याच चेहऱ्याचं काही वाटत नाही.

आज सकाळी पिशोरहून एक मावशी आल्या, सोबत त्यांची मुलगी. मावशींचे मालक, बापू, वारले. उद्या दहावा. फोटो एकच, लग्नातल्या घोळक्यातला. मी नेहमीसारखा चेहरा कापला आणि कॉम्प्युटरमधल्या तयार कोटावर बसवला. गेलेल्या सगळ्यांना आम्ही हाच कोट चढवतो.

मावशी बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या.

"ह्ये आमचे नाय वाटत, भाऊ. त्यांनी जन्मात कोट घातला नाय. अन् डावा खांदा खाली पाहिजे. पोती वाहून वाहून लई खाली आलता."

मी कोट काढला. पांढरा सदरा घातला आणि खांदा जरा जरा खाली आणत गेलो.

"अजून," त्या म्हणायच्या. "अजून."

मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मला रडू वगैरे आलं नाही. एवढं कळलं, की माझं काम हे होतं. कोट चढवणं नव्हे.

त्या गेल्यावर दुकानातल्या माझ्या वडिलांच्या फोटोकडं बघितलं. तोच कोट. मीच चढवलेला.

जुन्या गल्लीतल्यांनो, तुम्ही त्यांना रोज बघायचात. त्यांचे खांदे कसे होते, कुणाला आठवतं का?